टीपॉयवरचा वड

बोन्साय हा प्रकार मला कधीच आवडला नाही. ज्या झाडाखाली अख्खं वऱ्हाड जेवायला बसावं, ते झाड ताटलीत बसवायचं, त्याची मुळं छाटायची, फांद्यांना तारा आवळायच्या आणि चार पाहुणे आले की "बघा, किती गोड दिसतंय" म्हणायचं, यात कौतुक कसलं ते मला आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी जन्मभर प्रयत्न केला. ते फौजी, त्यांना माघार घेणं ठाऊक नव्हतं. मी मेढ्याकडची, मला ऐकून घेणं ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमचं बरं जमायचं.

दाजींचा वड कुठल्याशा छावणीत पाण्याच्या टाकीच्या भिंतीला फुटलेला होता. तिथल्या साहेबांच्या बाईंना बोन्सायचा नाद होता. त्यांच्याकडे बघून बघून दाजी शिकले आणि तो वड त्यांनी भिंतीतून उपटून एका पसरट मातीच्या ताटात लावला. पुढे जिथं बदली होईल तिथं वड बरोबर. एका बदलीत आक्काची निम्मी भांडी मागे राहिली, एकीत एक ट्रंक रेल्वेतच गेली, पण वड कधी मागे राहिला नाही. निवृत्त झाल्यावर दाजींनी सांगलीत, माधवनगरच्या बाजूला, फ्लॅट घेतला. फ्लॅट वरच्या मजल्यावर का घेतला, तर गच्ची जवळ पडते म्हणून. आक्काचे गुडघे तेव्हापासून दुखतात.

ते त्या झाडाला 'जवान' म्हणत. सकाळी गच्चीवर जाऊन "जवान, फॉल इन" असं खरोखर मोठ्यानं म्हणत आणि मग पाणी घालत. मी साताऱ्याहून गेले की मला मुद्दाम वर नेऊन दाखवत. मी म्हणायची, "आवं दाजी, वड हाय का कैदी? वाढू द्या की त्येला." ते म्हणायचे, "मेव्हणीबाई, वाढवाय अक्कल लागत न्हाई. आटोक्यात ठेवाय लागती." आणि हे म्हणताना माझ्या नवऱ्याकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्याला आपण किती आटोक्यात आहोत याचा हिशेब करावासा वाटे.

दाजी गेले तेही झाडाला पाणी घालूनच. सकाळी गच्चीवरून उतरले, खुर्चीत बसले, आक्का पोह्यांची बशी घेऊन आली तोवर संपलं होतं. सीमेवर इतकी वर्षं काढलेला माणूस सांगलीत खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आक्कानं फोनवर मला एवढंच सांगितलं, "पानी घालून आलं, बसलं, अन् गेलं."

त्यानंतरच्या वर्षी घराचा कायापालट झाला. आक्काचा मुलगा गलाईच्या धंद्यात आहे. विट्याकडची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं टाकून बसलेली असतात. तशाच एका विटेकर मित्राच्या जोडीनं तो दक्षिणेत जाऊन भट्टी पेटवून बसला आहे. तो येतो दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. एरवी घरात आक्का आणि सूनबाई. सूनबाई शिकलेली, टापटिपीची, वाईट मुळीच नाही. पण तिच्या हातात मोबाईल आहे, आणि मोबाईलमध्ये दुसऱ्यांची घरं आहेत.

तेव्हा इंटेरियरवाला बोलावला गेला. त्यानं हॉलच्या एका भिंतीला दगडासारखा दिसणारा कागद लावला, दुसरीला लाकडासारखं दिसणारं प्लास्टिक. मग त्याला कोपरा रिकामा वाटला. गच्चीवरचा वड खाली आला आणि टीव्हीच्या शेजारी बसला. त्याच्या एका बाजूला ढेरपोट्या लाफिंग बुद्धा, खालून निळा दिवा, वरून एसीचा वारा. मातीचं ताट 'लुक'ला शोभत नव्हतं म्हणून झाड पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या थाळीत गेलं. त्या थाळीला पाणी निथळायला भोकं होती. पण लॅमिनेटवर पाण्याचे डाग पडतील म्हणून त्या गुणी माणसानं ती भोकं सिलिकॉन भरून बुजवून टाकली.

मी गेले तेव्हा विचारलं, "वड घरात कसा?"

सूनबाई म्हणाली, "मावशी, बोन्साय इनडोअरच असतं."

भिंतीच्या भेगेत, उन्हात, कावळ्याच्या कृपेनं उगवणारं झाड. ते इनडोअर! मी आक्काकडे बघितलं. आक्का म्हणाली, "आसू दे. तिला बरं दिसतंय." आक्काचा हा स्वभाव मला लहानपणापासून पटत नाही. आमच्या आईनं दोघींच्या वाटणीचं तोंड मला एकटीलाच दिलं असावं.

झाडानं तरीही तग धरला. पानं जरा फिकी पडली, फांद्या खिडकीकडे वाकल्या, पण जिवंत होतं. फौजेत राहिलेलं झाड, दोन वेळच्या सूर्याविना चार दिवस काढील, असं मी मनात म्हटलं आणि साताऱ्याला परत आले. त्यावर खरा हल्ला झाला तो वटपौर्णिमेला.

त्या बिल्डिंगमध्ये एक महिला मंडळ आहे. आक्काच्या वरच्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या बाई त्याच्या सर्वेसर्वा. पूर्वी या सगळ्या रस्त्यावरच्या मोठ्या वडाला जायच्या. रस्ता रुंद झाला आणि वड गेला. वड तोडला जात असताना मंडळातलं कुणी तिकडे फिरकलं नाही, कारण त्या दिवशी मंडळाची हळदीकुंकवाची सहल होती. पुढच्या वर्षी बाजारातून वडाच्या फांद्या आणून पूजा झाली. त्यावर वरच्या बाईंनी कुठंतरी वाचलं, की फांद्या तोडणं म्हणजे निसर्गाची हानी. त्यांना उपाय सुचला. आपल्याच बिल्डिंगमध्ये वड आहे की. तोही मुळासकट, तोही पंख्याखाली.

मी तिथं नव्हते, पण फोटो पाहिले. मंडळानं ते सगळ्यांना दिसतील अशी पूर्ण व्यवस्था केली होती. हॉलच्या मधोमध टीपॉय, टीपॉयवर थाळी, थाळीत दाजींचा वीतभर वड, आणि त्याच्याभोवती काठपदराच्या साड्या नेसून, नथी घालून फिरणाऱ्या बायका. एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला टीव्ही, त्यामुळे कोपऱ्यावर प्रत्येकीला आडवं व्हावं लागत होतं. एका फोटोत एक बाई टेबलफॅनच्या वायरीवरून उडी मारताना आली आहे. खाली लिहिलेलं होतं, 'आमची पर्यावरणपूरक वटपौर्णिमा'. मी फोटो माझ्या नवऱ्याला दाखवला. त्यानं चष्मा वर करून विचारलं, "मध्ये ठेवलंय काय? कोथिंबीर?" या माणसासाठी मी सात जन्म कधी मागितले नाहीत, हा एकच जन्म आम्हा दोघांनाही पुरे होईल. पण त्या दिवशी एक जन्म जास्तीचा मागावासा वाटला.

मग मी फोटोत आक्काला शोधलं. कुठंच नव्हती. तिचाच हॉल, तिच्याच नवऱ्याचं झाड, आणि ती स्वयंपाकघरात फणसाचे गरे काढत बसली होती, हे मला नंतर कळलं. तू समोर येऊ नकोस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ते सांगावं लागत नाही. नवरा गेलेली बाई अशा वेळी आपणहून आत जाते आणि बाहेरच्या बायका "काकू किती समजूतदार आहेत" म्हणतात. हा समजूतदारपणा मला फोटोतल्या सगळ्या नथींपेक्षा जास्त झोंबला.

पुढे पाऊस सुरू झाला आणि एके दुपारी आक्काचा फोन आला.

"झाड पानं टाकाय लागलंय."

"टाकू दे की. वड हाय, पानं गळायचीच."

"तसं न्हाई गं. समदी टाकाय लागलंय." मग म्हणाली, "त्येंचा हात लागल्यालं जित्तं असं तेवढंच हाय घरात. बाकी समदं इंटेरियरवाल्यानं नेलं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. वाटेत खिडकीतून बघत होते. जिथं जिथं लहानपणी वडांच्या कमानी होत्या, तिथं आता हॉटेलांच्या पाट्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या हॉटेलांची नावं झाडांवरून ठेवलेली आहेत.

फ्लॅटचं दार उघडल्या उघडल्या आंबूस वास आला. एसी चालू, खिडक्या बंद, उदबत्तीचा धूर, आणि त्या सगळ्यातून वर येणारा नासक्या दुधाचा वास. झाडाला पूजेत पाणी घातलं होतं, दूध घातलं होतं, पंचामृतही घातलं होतं. रस्त्यावरच्या वडाला शंभर बायकांनी दूध घातलं तरी जमीन गिळून टाकते. इथं खाली बुजवलेली थाळी. सगळं आतच साठलं होतं. माती कसली, काला झाला होता. कडेनं मुंग्यांची रांग, खोडावर हळदकुंकवाचा थर, आणि फांद्यांना चारदोन पिवळी पानं.

त्यावर उपचारही जोरात चालू होते. नर्सरीवाल्यानं हिरव्या बाटलीतलं टॉनिक दिलं होतं, ते रोज. वरच्या बाईंनी व्हिडिओ पाठवला होता, त्यात एक गोरी बाई कुंडीत बर्फाचे खडे ठेवत होती. म्हणून सकाळ-संध्याकाळ बर्फ. पानं गळतात म्हणजे तहान लागली असेल, म्हणून वर पाणी. बुडणाऱ्या माणसाला घोटघोट पाणी पाजण्याचा हा कार्यक्रम सूनबाई मनापासून करत होती, आणि मनापासून करत होती म्हणूनच मला तिच्यावर नीट ओरडताही येईना.

मी म्हटलं, "आधी हे झाड थाळीतनं बाहेर काढूया."

तिथंच अडलं. कारण दोरा. वड एवढासा, त्याच्या खोडाला गुंडाळायला लागल्यावर रिळं संपेनात. मग बायकांनी खोड, फांद्या आणि थाळी असं सगळं मिळून गुंडाळलं होतं. प्रत्येकीनं आपापला दोरा, आपापल्या नवऱ्याच्या नावानं. खोड दिसत नव्हतं, नुसतं पट्टी बांधल्यासारखं पांढरं. खाली तो दोरा ओला राहून बुरसला होता. तो कापल्याशिवाय झाड थाळीतून सुटणं शक्य नव्हतं.

मी कात्री मागितली. सूनबाई टीपॉयपुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, दोऱ्याला हात नका लावू."

"का?"

"तो आपोआप गळून पडायला पाहिजे. कापायचा नसतो."

"कुणी सांगितलं?"

उत्तर द्यायला वरच्या बाई स्वतःच आल्या. त्यांना कसं कळलं देव जाणे, त्या बिल्डिंगच्या भिंती फारच पातळ असाव्यात. त्यांनी सोफ्यावर बसून मला समजावलं, की दोरा म्हणजे साधी गोष्ट नव्हे, त्यात सगळ्यांच्या सौभाग्याचा प्रश्न गुंतलेला आहे, ज्यांची श्रद्धा नाही त्यांना ते कळायचं नाही. मी म्हटलं, "तुमचे मिस्टर कुठं आहेत आत्ता?" तर म्हणाल्या, वर झोपलेत. मी म्हटलं, "मग आयुष्य वाढवायचं तर त्यांना जरा उठवा, चालायला न्या." त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवलं आणि सूनबाईशी बोलायला लागल्या.

सूनबाई रडकुंडीला आली होती. मी तिला विचारलं, "तू शिकलेली मुलगी, तुला खरंच वाटतं?" ती म्हणाली, "मावशी, गेल्या महिन्यात ह्यांचा हात भाजलाय भट्टीजवळ. आईंना सांगू नको म्हणाले. तिथं ॲसिडची कामं असतात, मी इथं काय करू शकते?" आक्का दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. मुलाचा हात भाजल्याचं तिला असं, चारचौघांत कळलं.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी सूनबाईचं पटलं. दोऱ्याचं नव्हे, भीतीचं. नवरा हजार कोसांवर आणि हाती फक्त एक रीळ. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, "अगं बाई, मग झाड मेलं तर? मेलेल्या झाडाला बांधलेलं आयुष्य तुला चालणार आहे का?"

सूनबाई गडबडली. वरच्या बाई मात्र मुळीच गडबडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "झाड गेलंच तर विधिवत विसर्जन करता येतं. कृष्णेत, दोऱ्यासकट. त्यात काही दोष नाही. मंडळातर्फे करू आपण."

आक्का आत आली. पदर खोचून ती टीपॉयजवळ खाली बसली आणि खोडाला हात लावला. अशा वेळी समोर न येणारी माझी बहीण. वरच्या बाई "अहो काकू" म्हणाल्या.

आक्का म्हणाली, "किष्णंत एकदा सोडून आलीया. झाडाच्या धन्याला. आता हेला न्हाई सोडायची."

मग आक्का सुनेकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, भाजीत मीठ कमी झालंय हे सांगताना असतो तसाच होता.

"हे बघ पोरी. लगीन झाल्यापास्नं मी दोरा बांधला. हे बर्फात असायचं, मी गावाकडं उपाशी. ताप असला तरी बांधला, पोर पोटात असताना चिखलातनं गेली, तरी बांधला. एक साल चुकवलं न्हाई. दोऱ्यानं मानूस राहत असतं तर आज तुजा सासरा हितं बसून च्या मागत असता." ती थांबली. "दोरा तुटला म्हनून गेलं न्हाईत ते. आन् ऱ्हायला असता म्हनून थांबलं नसतं. पोराच्या हाताला काय लावलंय, ते विचार त्येला फोन करून."

सूनबाई आत गेली आणि मला वाटलं रडायला गेली. ती कात्री घेऊन आली. मी पुढे केलेल्या हाताकडे तिनं बघितलंही नाही. कात्री तिनं आक्काला दिली.

वरच्या बाई उठल्या. त्यांचा स्वतःचाही दोरा त्यात होता आणि तो एका विधवेच्या हातून कापला जाणार होता. जाताना त्या म्हणाल्या, "मला हे बघवत नाही." मी म्हटलं, "जिना डावीकडे आहे." ही माझी त्या दिवसाची सगळ्यात चांगली कामगिरी असावी, कारण पुढचं सगळं आक्कानंच केलं.

आम्ही झाड न्हाणीघरात नेलं. मुळं काळी पडली होती, हात लावला की साल हातात येत होती. जी वास मारत होती ती कापली. शेवटी मुठीएवढी उरली. थाळीची भोकं मी स्क्रू ड्रायव्हरनं फोडून मोकळी करायला घेतली आणि त्या नादात थाळीच फोडली. मला वाईट वाटलं असं मी तोंडानं म्हटलं. माळ्यावर दाजींचं जुनं मातीचं ताट सापडलं, त्यात आक्कानं विटांचा चुरा, वाळू आणि थोडं शेणखत घातलं. हे असंच करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण इतकी वर्षं एका माणसाच्या मागे घमेलं घेऊन उभं राहिल्यावर काहीतरी अंगात मुरतंच. तीही चुकली. पहिल्यांदा झाड तिरकं बसलं, पुन्हा उपटावं लागलं, आणि त्यात आणखी एक मूळ तुटलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या न्हाणीत उकिडव्या बसून एकमेकींना दोष देत होतो. सूनबाई मध्येच घमेलं धरायला येऊन बसली.

गॅलरीत सावलीला ते ताट ठेवलं. एक पान उरलं नव्हतं. नुसता काटक्यांचा झुपका, खोडाला दोऱ्याचे वळ. मी साताऱ्याला परतले आणि मग माझ्या घरात एक नवा तमाशा सुरू झाला. जन्मभर बोन्सायला नावं ठेवणारी मी, रोज सकाळी फोन करून विचारायची, "फुटलं का?" आक्का म्हणायची, "न्हाई." मी म्हणायची, "पानी जास्त घालती व्हय?" ती म्हणायची, "तू ताटात बसून बगतीयास का?" माझा नवरा पेपराआडून म्हणाला, "कोथिंबीर कशी आहे?" त्याला त्या दिवशी चहा दुसऱ्यांदा मिळाला नाही.

श्रावण गेला. गणपती बसले, उठले. आक्काचा आवाज बारीक होत चालला. नखानं खोड खरवडून बघायची, आत हिरवं दिसायचं, पण कमी कमी. एकदा म्हणाली, "आता खरवडत न्हाई मी. आसलं तर आसंल." आणि नंतर एके सकाळी तिनंच फोन केला. मी उचलल्याबरोबर, हॅलोबिलो काही नाही, मोठ्यानं म्हणाली, "जवान हजर हाय!" खोडाच्या वरच्या बगलेत वडाचा तो लालसर टोकदार कोंब आला होता. मी विचारलं, नक्की कोंबच ना? मुंगळा नव्हे? तिनं फोन ठेवला.

या वर्षी वटपौर्णिमेला मी सांगलीत होते. मुद्दाम गेले. वरच्या बाईंचं काय होतं ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी दहाच्या सुमारास घंटी वाजली. दारात तबकं घेतलेल्या बायका, पुढे त्याच. गेल्या वर्षीचं सगळं पोटात घालून आल्या होत्या, कारण बाहेर वारा सुटला होता आणि बाजारातल्या फांद्या ओल्या होत्या. दार आक्कानं उघडलं. मुद्दाम तिनंच उघडलं. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून दोघी-तिघींनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

"काकू, वड कुठं ठेवलाय?"

"गॅलरीत हाय. दुखण्यातनं उठलाय. भेटाय कुनाला सोडत न्हाई."

मी मागून म्हटलं, "टीपॉय मात्र मोकळा आहे. हवा तर न्या. ज्यांच्यासाठी फिरायचं, त्यांनाच वर बसवा." त्या गेल्या. दुपारी फोटो आले. बाजारातली फांदी, खाली लिहिलेलं, 'परंपरेकडे परत'.

सूनबाईनं मात्र उपास धरला होता. मी तिला चिडवणार होते, पण ती सकाळपासून दक्षिणेतल्या नवऱ्याशी फोनवर बोलत होती. हात बरा आहे ना, हातमोजे घालता ना, दाखवा बघू, असं. त्याला भट्टीपुढे उभं राहून कॅमेऱ्यात हात दाखवायला लावले. मला तो उपास पटला. त्यानंतर ती गॅलरीत गेली. तिच्या हातात नवं रीळ होतं. ती आक्काच्या बाजूला उभी राहिली आणि रीळ तसंच धरून राहिली.

वारा जोरात होता. गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेलं ते ताट हलत होतं. मुळं अजून थोडी, धरून ठेवायला बळ नाही. एक जोराचा झोत आला तर झाड खाली पार्किंगमध्ये. आक्का दोन्ही हातांनी ताट धरून उभी होती. तिनं रिळाकडे बघितलं.

"आन हिकडं," ती म्हणाली. "खोडाला नगं. ताट बांधू गजाला."

गॅलरी अरुंद, झाडाभोवती फिरायला जागा नव्हती. तेव्हा सूनबाई या बाजूनं रीळ देत होती, आक्का गजामागून हात घालून त्या बाजूनं घेत होती आणि परत देत होती. झाडाच्या खालून, ताटाखालून, गजामागून. दोरा या हातातून त्या हातात. किती फेरे झाले ते त्यांनी मोजलं नाही आणि मीही मोजलं नाही. शेवटी आक्कानं गाठ मारली, दाजी बदलीच्या वेळी वळकटी बांधताना मारायचे ती, ओढली की घट्ट बसणारी. ओढून बघितली. ताट हललं नाही.

"आई," सूनबाई म्हणाली, "ही गाठ नका सोडू."

"माजं मानूस हाय," आक्का म्हणाली, "मी कशाला सोडू?"

मी काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं होतं. पण आक्का त्या दोन पानांच्या काटकीकडे बघत, पदरानं डोळे न पुसता, उघड उघड रडत होती. दाजी गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तोंड मिटलं आणि आत जाऊन पोहे भिजवले.